सहाशे शब्द

एका माणसाला सहाशे शब्द,
मंत्री असेल तर नऊशे.
मंडळाने तसं पत्रच दिलंय, शिक्क्यासकट.

खाणवाल्या आमदाराच्या नातवाने
ड्रायव्हरबरोबर अल्बम पाठवला, मखमली पुठ्ठ्याचा,
आणि चरित्रही, लिहून तयार,
खाली फक्त माझं नाव घालायचं बाकी.
कुडतरीच्या दोतोरांची भाची म्हणाली,
पत्रं होती, पण माझ्याआधी वाळवीने वाचली.
ती हसली, तिचा कुत्रा भुंकला,
मी वहीत लिहिलं: वाळवी.

मग पुनाजी उसपकर, गाव साळ.
एकदाच निवडून आलेले, पहिल्या विधानसभेत.
जन्मतारखा तीन.
एक शाळेची, एक तुरुंगाची,
आणि घरच्यांची: ज्या साली नदी
देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागली, ते साल.
मी नदी धरली.
मंडळ खोडणार, ठाऊक आहे.

पणजीला पुराभिलेखात
कागद पंख्याने उडू नयेत म्हणून
शिशाचा ठोकळा देतात, हाताला गार लागतो.
तो उचलला तर खाली ते होतं.
नऊ फेब्रुवारी छप्पन्न.
टंकलेलं पोर्तुगीज, सात ओळी:
झाल्याचा पश्चात्ताप, सरकारशी निष्ठा,
यापुढे सभा नाही, पत्रक नाही.
खाली सही, देवनागरीत.
'पुनाजी' नीट. 'उसपकर'मधला उ
कडेपर्यंत वाहत गेलेला.
चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.
सात ओळी तशाच.

साळला बस दीड वाजता पोचते.
शेवंतीबाई दारातच उभ्या होत्या, वडिलांचीच हनुवटी.
भिंतीवर ताम्रपट,
चवथीच्या आधी दरवर्षी चिंचेने घासतात,
त्यामुळे अक्षरं थोडी झिजलीत.
सुंगटांचं हुमण वाढता वाढता म्हणाल्या,
बाबांनीच मला पाळण्यात घातलं.
बारशाच्या आदल्या रात्री घरी आले,
दाढी इतकी वाढलेली
की आई आधी ओरडलीच.
मी विचारलं, आणि तुमची जन्मतारीख?
दोन फेब्रुवारी.
टेबलाखाली डाव्या हाताच्या बोटांवर मोजलं मी.
बारावा दिवस तेरा तारखेला.

त्यांनी ते पाहिलं असावं.
आमटीचा डाव भांड्यात ठेवला.
"तो कागद मेळ्ळो मगो तुका?"
मी घास गिळला.
"बरय. पूण पोर्तुगेजींत आशिल्लो, तेंय बरय.
बाबाक ती भास येनाशिल्ली."
कुणी वाचून दाखवला होता का त्यांना?
बराच वेळ काही नाही.
मागच्या पडवीत कुणीतरी नारळ सोलत होतं.
"तें ताणें केन्नाच सांगलें ना,"
असं म्हणून त्यांनी न विचारता
माझ्या ताटात आणखी भात वाढला.

विधानसभेच्या कामकाजात
पाच वर्षांत ते एकदाच बोललेले दिसतात.
पान पिवळं, ओळी चार:
ज्याने अंगठा करायचा, त्याला
फॉर्मवर काय छापलंय ते कळलं पाहिजे,
नाहीतर छापू नका.
उत्तर: नोंद घेतली आहे.
त्यानंतर सभागृह चहासाठी उठलं.

परतीच्या कदंबात मांडीवर वही घेऊन मोजलं.
सहाशे बारा.
नदी काढवत नाही.
सात ओळी काढता येत नाहीत,
त्यांची भाषा तर नाहीच,
आणि बारशाचं मी मुळात लिहिलंच नाहीये,
ते त्यांच्याकडेच राहू दे.
डिचोलीच्या उतारावर पेन घसरलं.
सवयीने घातलेला 'थोर' काढला.
'झुंजार' काढला.
'आदरणीय' दोनदा होता.
अजून आठ.