विसर्ग

एकतीस वर्षं मी प्रूफं तपासली
शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात.
लग्नपत्रिका, सोसायट्यांचे ताळेबंद, मंडळीचा वार्षिक अहवाल.
'दुःख'मधले दोन ठिपके लोक खाऊन टाकतात.
मी ते लाल पेनाने परत बसवायचो.
नव्या पोरांना सांगायचो,
तिथे क्षणभर श्वास सोडायचा असतो,
नाहीतर हा शब्द पार होत नाही.

त्या रात्री धरणाचा विसर्ग
अकराला बावीस हजार होता,
दीडला पस्तीस.
मेसेज आला तेव्हा नदी
शेजारच्या मोटारीच्या दिव्यांपर्यंत येऊन उभी होती.

दीना पलंगावर.
दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली
आणि भाषा गेली, सगळी.
रविवारच्या शाळेत जन्मभर गोष्टी सांगितलेली बाई,
तिच्याकडे एकच शब्द उरला: हो.
चहा घेणार? हो.
दुखतंय? हो.
दुखत नाही ना? हो.
पाळकसाहेब म्हणाले होते,
उबाळे, विश्वासातच श्वास आहे बघा.
मी मान डोलावली.
असले श्लेष मी आयुष्यभर खोडत आलो.

दिवे गेले. पाणी उंबरा चढलं
चोरासारखं नव्हे, घरच्या माणसासारखं,
सरळ आत, पेटीच्या स्टुलाकडे.
गोधडीसकट तिला उचलायला गेलो.
एकोणसत्तराव्या वर्षी कंबर किती ऐकणार?
उचललं, ठेवलं.
पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

मग मी प्रार्थना केली असं म्हणता येणार नाही.
ओरडलो.
बापा, पलंगाचे पाय बुडाले बघ.
बापा, दर महिन्याला दशांश दिला तुला
(खोटं कशाला, बहुतेक महिने)
आणि मग तिच्याकडे वळून,
कारण दुसरं होतंच कोण,
विचारलं, झोपलाय का गं तो?

ती म्हणाली, हो.

अंधारात मी थांबलो,
दोन ठिपक्यांएवढा.

ही गोष्ट तीच सांगायची पोरांना,
फळ्यावर होडी काढून, लाटा काढून,
आणि होडीच्या मागच्या टोकाला उशी.
उशी ती कधी विसरली नाही.
झोपलाय, म्हणजे काठावर नाही.
झोपलाय, म्हणजे त्याचेही कपडे भिजतायत.

मी पाय वर घेऊन तिच्या शेजारी बसलो.
तिचा डावा हात, जो ऐकतो, तो धरला.
बाकी काही केलं नाही.

वरच्या मजल्यावरची स्पर्धापरीक्षेची पोरं
टॉर्च घेऊन उतरली.
किनवटचा मुकिंदा, आणि तो आष्टीचा, कमी बोलणारा.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला
बावीस पायऱ्या चढवली.
घाबरायचं नाही हं काकू. हो.
तुम्हाला पाठवलं कुणी, मी विचारलं.
मुकिंदा म्हणाला, कुणी नाही,
तुमचा आरडाओरडा केवढा चालला होता.

लोक म्हणतात, देवाने तुम्हाला वाचवलं.
पलीकडच्या गल्लीतला वॉचमन वाचला नाही.
म्हणून हे वाक्य मी मोठ्याने म्हणत नाही.
रात्री म्हणतो, दिवा मालवल्यावर,
त्या माणसाचं नाव आधी घेऊन.

गुरुवारी पंचनाम्याला एक तरुण आला,
गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओला कागद.
आजी, सगळं गेलं का?
हो.
काही राहिलं का?
हो.
तो पेन धरून माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, दोन्ही लिहा.

त्याने लिहिलं: पेटी एक, गाद्या दोन,
पुस्तके अदाजे शंभर.
'अंदाजे'वरचा अनुस्वार राहिला होता.
पेन मागून घेतलं
आणि तेवढा मी दिला.