आवाज फुटण्याचं वय

नेरिमातल्या स्टुडिओत सकाळी दहाला
मुरोताणी चिगुसा बूट दाराशी काढते
आणि मोज्यांवर माईकपुढे उभी राहते.
अंगात सुतीच, नायलॉन कुरकुरतं.
पोटातलंही ऐकू येतं, म्हणून आधी एक केळं.

सव्वीस वर्षं ती होमारे आहे.
होमारे: वय दहा, इयत्ता चौथी,
गुडघ्यावर कधीच न निघणारी पट्टी,
बाप बोटीवर, खिशात बेडूक.
इतक्या वर्षांत त्याची इयत्ता बदलली नाही,
बेडूकही तोच.
मधल्या काळात तिचं लग्न झालं, मोडलं,
आई गेली. त्या आठवड्यात होमारेला
कलिंगड चोरून पळायचं होतं.
ती पळाली. जागच्या जागी, धापा टाकत, हसत.

मासिकांनी तिचा फोटो कधी छापला नाही.
मुलांचा हिरमोड नको, म्हणाले.

जपानीत क्रियापदाला लिंग नसतं.
तिथे जे काय ठरतं ते 'मी' म्हणतानाच:
मुलगा 'बोकु' म्हणतो, बाई 'वाताशी'.
आपल्याकडे 'मी' सगळ्यांचा एकच,
पण वाक्य संपता संपता माणूस सापडतं:
गेलो, की गेले?
(मी अजून सापडायचं टाळलंय, बघा.)
चिगुसा दिवसातले चार तास 'गेलो',
उरलेले वीस तास 'गेले',
असं लिहिलं तर व्याकरण होईल,
चिगुसा होणार नाही.
भाजीच्या दुकानात मुळा निवडताना
तिच्या तोंडून सहज 'बोकु' निसटतो
आणि दुकानदार हिशेबातून मान वर काढत नाही.

एकदा कोचीहून एका मुलीचं पत्र आलं.
शाळेचा स्कर्ट घातला की मला
दुसऱ्या कुणाच्या घरात शिरल्यासारखं होतं.
मला मुलगा व्हायचंय असं नाही,
मला तुमच्या आवाजासारखं व्हायचंय.
चिगुसाने चार कागद फाडले,
शेवटी कार्डावर नुसता बेडूक काढून पाठवला.
अजून वाटतं तिला, दोन ओळी हव्या होत्या.

यंदा निर्माते उबुकाता म्हणाले,
होमारेला आता मोठं करू या. तेरा वर्षांचा.
खऱ्या मुलाचा आवाज घेऊ,
हल्ली लोकांना खरं लागतं.
'खरं' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला
आणि दोन्ही वेळा चहाकडे बघितलं.

गेल्या वर्षापासून तिचा स्वर
अर्ध्या पट्टीने उतरलाय.
डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे.
मिसरूड फुटतं तेव्हा मुलाचा आवाज फुटतो,
घरातले हसतात, मामा चिडवतो.
पन्नाशीनंतर बाईचाही फुटतो,
त्याला कुणी हसतसुद्धा नाही.
तर असे दोघं एकाच वर्षी फुटले,
तो तेराव्या वर्षी, ती चोपन्नाव्या,
आणि काम गेलं एकटीचं.

त्या संध्याकाळी ती गल्लीतल्या न्हाणीघरात गेली.
इकडे बायका, तिकडे पुरुष, मध्ये फरशीची भिंत;
पण भिंत छतापर्यंत पोचत नाही.
वाफ वरून जाते. साबण मागितला तर साबणही.
पलीकडे एक पोर भोकाड पसरून बसलेलं,
ऊन पाण्यात उतरायला तयार नाही.
बाप दमलेला.
चिगुसा हनुवटीपर्यंत पाण्यात. ओठ आपोआप हलले:
"पाणी गरम नाही रे, तूच गार आहेस!"

रडं थांबलं.
नळ टिपटिपत राहिला.
मग भिंतीवरून, अगदी जपून:
"होमारे? तू तिकडे काय करतोस?"

शेजारची म्हातारी पाठ चोळायची थांबली.
चिगुसाने टॉवेल डोक्यावर नीट ठेवला.
खरंच, काय करतोस.

"राहतो," ती म्हणाली.
मधल्या अक्षरावर आवाज फुटला.
तिने तो घेतला नाही पुन्हा,
जाऊ दिला तसाच, भिंतीवरून.