सतरा नंबर

सोहार, दवाखान्याचा दुसरा मजला.
साठ बायका, बारा आठवडे.
निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतीच पांढरी गोळी;
कुणाला काय, मलाही ठाऊक नाही.

खाली बाळंतिणींच्या वॉर्डात
हेच औषध सुईतून जातं, रक्त थोपवतं.
वर आम्ही बघतोय,
गालावरचा वांग फिका होतो का.

सतरा नंबर, झुवैना. बाजारात कोळंबी निवडते.
दर खेपेला तिच्या गालाशी रंगपट्टी धरायची,
आकडा लिहायचा.
चौदा. अकरा. नऊ.
"उतरतोय हं," मी म्हटलं.

आठव्या आठवड्यात पाकीट टेबलावर ठेवून म्हणाली,
हा डाग मुलगा पोटात असताना आला.
मुलगा तीन दिवस राहिला.
रक्त त्याहून जास्त दिवस जात होतं.
आता हाच आहे. राहू दे.

अभ्यास सोडण्याचं कारण: चार चौकोन.
मी 'इतर'वर खूण केली.
गोळ्या मोजल्या. पाच जास्त भरल्या,
म्हणजे ठरवून झालं होतं तिचं.

दारातून वळून विचारलं तिने,
पहिल्या दिवशीचा फोटो मिळेल का,
गाल पुरते काळे होते तेव्हाचा?

नियमात बसत नाही.
फाइल अजून माझ्याच टेबलावर आहे.