हात आहे

लीमाच्या टेकडीवर, जिथे पाणी टँकरनं चढतं
आणि धुकं फुकट मिळतं,
एउदोसियानं बाजारातून फळांचं खोकं आणलं,
आत काळं प्लास्टिक अंथरलं,
तापल्या खिळ्यानं थर्माकोलला भोकं पाडली.
स्पंजच्या चिमटीत लेट्यूसची रोपं,
पाण्यात टोपणानं मोजलेलं खत.
माती? इथली माती पाय घसरवते, पिकवत नाही.

पहिल्या खेपेला पारदर्शक टब घेतला होता,
मुळं दिसावीत म्हणून.
आठवड्यात पाणी हिरवं, मुळं तपकिरी, वास.
शेजारचे फोर्तुनातो म्हणाले,
"सारखं कुणी बघत बसलं
तर माझाही घास उतरत नाही."

आता काळोख आहे त्यांना.
सकाळ-संध्याकाळ ती थर्माकोलचं एक टोक उचलते,
धुतलेला हात मनगटापर्यंत घालते
आणि घुसळते, फेस येईपर्यंत.
साचलं पाणी दमतं, मुळं गुदमरतात.
पंपाला पैसे नाहीत.
हात आहे.

वर डोंगरात, गावी,
बटाटे काढताना आई खाली बघायचीच नाही,
गप्पा मारत बोटांनीच ओळखायची
कुठला राहू द्यायचा अजून.

एउदोसिया डोळे मिटते.
पाण्यात काहीतरी
गार, केसांसारखं,
बोटांत गुंततं.