पन्नास हर्ट्झ

पहिला अल्बम आम्ही अकरा दिवसांत उरकला,
ग्रिम्सबीच्या गोदीत, स्टॅनिलँडच्या धुरीघराच्या माडीवर.
भाडं आठवड्याला वीस पौंड आणि अट एकच:
खालचा फ्रीज बंद करायचा नाही.
हॅडॉक होता त्यात. शंभर-दीडशे किलो.

मग तो घुमत राहिला.
बॅझच्या ड्रममागे, माझ्या बेसखाली,
जॅनिन श्वासाला थांबली की तिथेसुद्धा.
टेपवरून काढता येईना, म्हणून राहू दिला,
कुणाचं तरी मांजर घरात शिरतं
आणि आपण दूध ठेवू लागतो, तसं.

अल्बम चालला.
चालला म्हणजे, टॅक्सीवाला पैसे घेईना.
कीथच्या वडिलांनी,
जे सोळा वर्षं त्याच्याशी फक्त फुटबॉलवर बोलले,
पेपरातलं कात्रण घडी करून पाकिटात ठेवलं
आणि तरीही फुटबॉलवरच बोलले.

दुसऱ्यासाठी कंपनीनं आम्हाला वेल्समध्ये नेऊन ठेवलं.
मेंढ्या. स्वयंपाकीण. तिन्ही वेळा गरम जेवण.
आणि एक खोली,
जिच्या भिंतींत इतकी लोकर ठासलेली
की आपलंच गिळणं आपल्याला ऐकू यावं.
एप्रिल गेला. मे गेला.
जॅनिन लिहायची हॉटेलांवर, विमानांवर,
पहाटे चारला न येणाऱ्या झोपेवर.
एके दिवशी वही मिटली आणि म्हणाली,
पूर्वी मी मासे सोलायचे, तेव्हा हाताला वास तरी यायचा.

लंडनहून एक गृहस्थ दर शुक्रवारी येई
आणि नव्या नव्या कोटांत तेच वाक्य बोले:
तसंच हवं. पण वेगळं.

ऑगस्टात मी पहिला अल्बम लावला,
वर्षानंतर, चोरून, हेडफोनवर.
सोबत बेस धरला, तर सूर जुळेना.
पुन्हा लावला. पुन्हा नाही.
आमची सगळी गाणी केसभर चढी होती,
सगळ्यांचीच, एकसारखी.
अकरा दिवस आम्ही चौघं
एकमेकांशी नाही,
खालच्या माशांच्या कपाटाशी सूर लावत होतो.
तो आमचा षड्ज.
कुणी ठरवला नव्हता, कुणी आभार मानले नव्हते.

त्याच रात्री व्हॅन काढली.
पाच तास. रेडिओला कुणी हात लावला नाही.
स्टॅनिलँड भट्टीत भुसा पसरत होता.
"फ्रीज? तो मार्चमध्येच गेला.
भंगारवाल्यालाच वर चार पौंड द्यावे लागले."
त्या जागी नवा उभा होता, पांढरा, इटालियन,
दवाखान्यासारखा गप्प.
जॅनिननं दारावर दोन्ही तळवे टेकले,
कान लावला,
आणि इतका वेळ उभी राहिली
की बॅझ बाहेर जाऊन दोन सिगारेटी ओढून आला.

म्हातारा म्हणाला,
"तुमची रेकॉर्ड आणली होती. बायकोला आवडली.
मला मेलं झोपू देईना.
सारखं वाटायचं, खाली दार उघडं राहिलंय."

दुसरा अल्बम नोव्हेंबरात आला.
अगदी सुरात आहे.
एका समीक्षकानं संयत म्हटलं,
दुसऱ्यानं तोच शब्द शिवीसारखा वापरला.
खपला म्हणाल तर, टॅक्सीवाले पैसे घेऊ लागले.

शेवटच्या गाण्यानंतर चाळीस सेकंद काही नाही.
कंपनीला वाटलं चूक आहे, कापा म्हणाली.
आम्ही नाही म्हणालो, चौघंही, एका दमात.
वर्षभरात तेवढंच काय ते एकत्र वाजवलं.

तुमच्याकडे असेल तर तिथे आवाज पूर्ण वाढवा.
तुमच्याच स्वयंपाकघरातून काहीतरी ऐकू येईल.
माझ्याकडे येतं.
हॅडॉक नसतो आता त्यात.
दूध असतं, कालचा भात,
सुकत चाललेलं अर्धं लिंबू.