पाव कापायची फळी

स्विनोय बेटावरच्या शाळेत आज रात्री
साठ माणसं फेर धरणार.
फिडल नाही, डफ नाही, नुसते गळे आणि बूट.
माझ्याकडे तळहाताएवढा रेकॉर्डर,
दोन माइक, चार सेल
आणि एल्स्पाच्या स्वयंपाकघरातून मागून आणलेली
पाव कापायची फळी.

गेल्या वर्षी चुकले होते.
दोन्ही माइक कात्रीसारखे एकमेकांवर तिरके धरून
कोपऱ्यात उभे केले.
घरी ऐकलं, तर सगळं गाव खिडकीतून दिसावं तसं :
समोर, लांब, चपटं.
त्याआधी दोन भिंतींना दोन माइक लावले होते,
तेव्हा गाणं मध्येच कुठंतरी गळून पडलं,
हातमोज्यासारखं.

फेराला पुढं नसतं, मागं नसतं.
म्हणून यंदा फळीला दोन्ही बाजूंनी मेंढीचं कातडं डकवलं,
लोकर बाहेर.
अल्याड एक माइक, पल्याड एक,
मध्ये सतरा सेंटिमीटर, माणसाच्या डोक्याएवढं अंतर.
डोकंच ते. नाक नाही, मत नाही.
स्टँडखाली माझा स्वेटर, तिहेरी घडी घालून,
नाहीतर लाकडी जमिनीची धडधड
थेट पायांतूनच वर चढते.

पातळी खाली ठेवली. अजून खाली.
सुरुवातीला सगळे पुटपुटतात, त्याला भुलायचं नाही.
सत्तराव्या कडव्याला जहाज फुटतं
आणि एकशे वीस बूट एकदम आपटतात.

दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे.
मी फेराच्या पोटात, गुडघ्यांवर,
श्वाससुद्धा तोंड उघडं ठेवून,
आणि गाव माझ्याभोवती सरकत होतं,
एकेक गळा येऊन, लोकरीआड जाऊन,
दुसऱ्या कानाशी पुन्हा उगवत.

सकाळी त्रोंदुरला हेडफोन लावला.
त्याचा डावा कान ट्रॉलरच्या इंजिनानं कधीच खाल्लाय,
आणि फेरात एल्स्पा नेहमी त्याच्या डाव्या हाताला.
तो डोळे मिटून बसला. एक फेर. दुसरा.
मग बोट वर केलं :
"ही कोण? ही आत्ता गेली ती?"
"तुझी बायको."
तिसऱ्या फेराची वाट पाहिली त्यानं.
ती आली, गेली.
"बेसूर आहे की गं!"
तोंडभर हसत, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला,
"एकतीस वर्षं, आणि मला कुणी सांगितलं नाही!"

एल्स्पा वर्तमानपत्रावर पाव कापत होती.
"आणि तू पाय आधी आपटतोस," ती म्हणाली.
मग माझ्याकडे वळून,
"फळी कधी देणार?"

फळीवरचा डिंक अजून निघालेला नाही.
रात्री मी ती घासता घासता पुन्हा ऐकलं :
जहाज फुटायच्या किंचित आधी,
डावीकडून उजवीकडे जाणारा
एकच बूट.