चार झाकणं आणि जरासं

मोजायला काही नाही घरात,
म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण.
चार झाकणं राय व्हिस्की, आणि वर जरासं.
डेल्बर्ट म्हणायचा, जरासं हेही मापच.

साखरेचा चौकोनी खडा, त्यावर बिटर्सचे थेंब.
वास थेट काडेचिराइताचा.
नाक दाबून पाजायची आई, ते
मी लुईव्हिलमध्ये पैसे मोजून आणते.

बर्फ रुखवतातल्या वाटीत गोठवलेला,
निघता निघेना. नळाखाली धरली
तेव्हा सुटला, एकदम, सगळाच.

संत्र्याची साल पिळली तर
फवारा नेमका माझ्याच डोळ्यात.
लहानपणी हा नेम भावावर असायचा.

एकतीस वर्षं डेल्बर्टनं
पिंपं आतून जाळली, कारखान्यात.
चाळीस सेकंद, म्हणायचा, जास्त नाही,
पुढे नुसता कोळसा.

कुंपणावरून ग्लास दिला रूथॅनला.
अजून त्याचाच कोट तिच्या अंगात,
बाह्या दुमडलेल्या.
बोट घालून तिनं बर्फ फिरवला,
एक घोट घेतला.
“त्याचा याहून वाईट व्हायचा,” म्हणाली,
आणि ग्लास काही परत दिला नाही.